बोडका कागद

माझं एक वर्ष एका अक्षरात गेलं. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नक्की काय? मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि पहिल्यापासून सांगायचं तर बाबांपासून सुरुवात करावी लागते. म्हणून हल्ली मी सांगतच नाही. ऑफिसात कुणी विचारलंच की बी.ए. उशिरा कशी झालीस, तर आजारी होते म्हणते. लोकांना आजार लगेच पटतो.

बाबा परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टमन होते. आजोबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा बाबा नववीत होते, आणि तिथेच त्यांची शाळाही बंद पडली. काळाचौकीच्या चाळीतली आमची खोली, गावाला मालवणजवळचं घर आणि हॉस्पिटलची लिफ्ट, या तीन चौकोनांत त्यांचं सगळं आयुष्य. शिकले नाहीत म्हणूनच की काय, पण कागदाचा मान ठेवावा तो त्यांनीच. कागदाला पाय लागला की नमस्कार. पेपरात गुंडाळून भजी आणली तर खाऊन झाल्यावर तो पेपर सरळ करून बघणार, देवाचा फोटो नाही ना त्यात.

आणि कुठलाही कागद लिहायला घेतला की वर मधोमध 'श्री'. किराणा सामानाच्या यादीवर श्री. गॅसवाला आला तर शेजारी ठेवायला सांगा, या दाराला लावलेल्या चिठ्ठीवर श्री. एकदा मजल्यावरच्या सामायिक संडासाच्या दारावर त्यांनी 'कृपया पाणी टाकावे' असा कागद चिकटवला, त्याच्यावरसुद्धा श्री. आईने कपाळावर हात मारला. म्हणाली, अहो, निदान इथे तरी देवाला सोडा. बाबांनी तो कागद काढला, पण दुसरा लावला नाही. श्री नसलेला कागद लावायचा तर न लावलेला बरा. तसल्या कागदाला त्यांचा शब्द होता, बोडका. "बोडक्या कागदार लिवू नये गो," असं ते मला मी पहिलीत असल्यापासून सांगत आले. श्री काढायचे, क्षणभर थांबायचे, आणि मग खाली लिहायला लागायचे. माझ्या हातालाही तेच वळण लागलं. शाळेत सगळेच लिहायचे, त्यात काही वेगळं वाटलं नाही.

बारावीनंतर मी दादरच्या एका कॉलेजात बी.ए.ला गेले, अर्थशास्त्र घेऊन. कॉलेज सरकारी विद्यापीठाचं, म्हणजे शिकवणार कॉलेज आणि परीक्षा घेणार विद्यापीठ. पहिल्या परीक्षेला उत्तरपत्रिका हातात आली. तिच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात बऱ्याच सूचना असतात, त्या कुणी वाचत नाही. मी वाचल्या. मला वाचायची खोडच आहे. त्यात होतं की आत कुठेही नाव, देवाचं नाव, धार्मिक चिन्ह किंवा ओळख पटेल अशी खूण करायची नाही. मी पेन उचललेलं तसंच खाली ठेवलं. मग डाव्या हाताच्या बोटाने बाकावर श्री काढलं, दिसणार नाही असं, आणि लिहायला सुरुवात केली.

घरी आल्यावर बाबांनी पेपर कसा गेला हे विचारलंच नाही. देवाचं नाव घातलंस काय, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. बाकावर का होईना, घातलं होतं. त्यांना नियम सांगत बसले असते तर त्यांना विद्यापीठाबद्दलच शंका आली असती. पाच सेमिस्टर मी हेच केलं. पाच सेमिस्टर त्यांनी हेच विचारलं आणि मी हेच सांगितलं.

मला शिकवायचं होतं. आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडमनी ते माझ्या डोक्यात भरवलं. म्हणाल्या, तू एम.ए. कर, आणि कॉलेजात नको, विद्यापीठाच्या विभागातच कर. त्याची प्रवेश परीक्षा असते, ती मी दिली. यादीत माझं नाव आलं. अट एकच, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपर्यंत शेवटच्या सेमिस्टरचा निकाल हातात पाहिजे. ही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर पुन्हा वर्षभर थांबा, पुन्हा परीक्षा द्या. आमच्या घराण्यात एम.ए. सोडा, बी.ए.सुद्धा कुणी नव्हतं. बाबांनी लिफ्टमध्ये जाहीर करून टाकलं. तळमजल्यावर आत आलेल्या पेशंटच्या नातेवाइकाला चौथ्या मजल्यापर्यंत कळलेलं असायचं की या लिफ्टमनची मुलगी प्रोफेसर होणार आहे. बिचारे आधीच टेन्शनमध्ये असायचे, त्यात हे.

शेवटच्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर. माझा सगळ्यात आवडता विषय. हात असा सुटला होता की मूळ उत्तरपत्रिका भरली, एक पुरवणी भरली, दुसरी मागितली. पंधरा मिनिटं उरली असतील. पर्यवेक्षकांनी कोरी पुरवणी माझ्यापुढे ठेवली, आणि मी मान वर न करता लिहायला लागले. चार-पाच ओळी लिहून झाल्यावर नजर वर गेली. मधोमध श्री होतं. स्वच्छ, वळणदार, बाबांचं असतं तसं. मी ते कधी काढलं मला आठवत नव्हतं. कोरा कागद समोर आला आणि हाताने आपलं काम केलं.

आता सांगते ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे. माझ्या लक्षात आलं होतं. पेन हातात होतं. एक आडवी रेघ मारायची, की संपलं. मी पेन टेकवलं आणि माझ्याने ती रेघ मारवेना. देवाचं नाव खोडायचं? पाणी टाकावे म्हणून लावलेल्या कागदावरचं श्रीसुद्धा बाबांनी खोडलं नव्हतं, अख्खा कागद काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला होता. मी स्वतःला म्हटलं, तिसऱ्या कागदावर कोण बघतंय. आणि लिहीत राहिले. त्या दिवशी घरी बाबांनी विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा खरं खरं हो म्हटलं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं.

निकाल लागला तेव्हा मैत्रिणींचे फोटोवर फोटो यायला लागले. माझ्या नावापुढे मार्क नव्हतेच. निकाल राखून ठेवला आहे, एवढंच. मला वाटलं, वेबसाइट गंडली असेल, ती गंडतेच. कॉलेजात गेले. कॉलेजच्या क्लार्कने सांगितलं, विद्यापीठात जा. विद्यापीठात गेले, तर खिडकीवर सांगितलं, कॉलेजकडून पत्र आणा. पत्र आणलं, तर म्हणे यावर प्राचार्यांचा शिक्का आहे, सही कुठे आहे? सही आणली, तर साहेब मीटिंगला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्याने काढली तो नक्की कुठल्यातरी परीक्षा विभागाच्या रांगेत उभा असणार. माझ्याकडे सहा महिने नव्हते, तीन आठवडे होते. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचे. एवढंच काय ते काम व्हायचं. बाबा विचारायचे, मी सांगायचे कॉम्प्युटरचा घोळ आहे. त्यांना ते पटायचं. हॉस्पिटलातही रोज काहीतरी कॉम्प्युटरचा घोळ असायचाच.

आठवडा वाया गेल्यावर एक बाई भेटल्या, परीक्षा विभागातल्याच. गिरगावच्या, पन्नाशीच्या पुढच्या, टेबलाच्या काचेखाली गणपतीचा फोटो आणि फोटोवर रोजचं एक जास्वंदीचं फूल. मला तीन वेळा तोच अर्ज घेऊन आलेली त्यांनी बघितलं असावं. आत बोलावून त्यांनी माझा नंबर बघितला, आणि एक फाइल काढली. फाइलवर लिहिलं होतं, गैरमार्ग प्रकरण. कॉपी? मी? त्यांनी आतला कागद माझ्याकडे फिरवला. उत्तरपत्रिका आता स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासतात. त्या तिसऱ्या कागदाची ती छापील प्रत होती, आणि माझ्या श्रीभोवती लाल गोल होता.

मी हसले. खरंच हसले, वेड्यासारखी. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या मला समजावायला लागल्या की अशा खुणा ठरवून केल्या जातात, तपासणाऱ्याला आधी सांगून ठेवतात, श्री दिसलं की मार्क वाढवा. म्हणून नियम आहे. नियम खोटा नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यांनी माझा अर्ज आवक रजिस्टरमध्ये चढवायला घेतला आणि काहीतरी शोधायला पहिलं पान उलटलं. त्यावर हळदीकुंकवाची बोटं होती, आणि मधोमध मोठ्ठं श्री. दसऱ्याला पूजा केलेलं रजिस्टर. मी त्याच्याकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि पान बंद केलं. त्यांचाही काय दोष? पण तो राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

बाईंनी मला वाट दाखवली ती खरी. म्हणाल्या, चौकशी समितीपुढे तुला बोलावतील, पालकांना घेऊन यायचं. पहिलीच वेळ आहे, तुझे मार्क चांगले आहेत, समज देऊन सोडतात. त्यांनी आवाज खाली केला. "फक्त एक लक्षात ठेव. नकळत झालं, माझ्या लक्षातच आलं नाही, एवढंच म्हणायचं. बाकी एक शब्द बोलू नकोस."

मी मान हलवली. एवढं तर कुणीही म्हणेल. समितीची तारीख प्रवेशाच्या शेवटच्या दिवसाच्या चार दिवस आधीची होती. मी हिशोब मांडला, समज दिली की दोन दिवसांत निकाल, तिसऱ्या दिवशी प्रवेश. बाबांना सांगितलं, एक सही लागेल, तुम्हाला यावं लागेल. कशासाठी ते सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार, दुसरं काय. त्यांना त्यांच्या श्रीबद्दल सांगायचं कसं, हे मला सुचत नव्हतं.

बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सणाला घालतात तो पांढरा शर्ट घातला. सकाळी चालत प्रभादेवीच्या गणपतीला जाऊन आले, माझ्या कपाळाला अंगारा लावला. विद्यापीठाच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. आजूबाजूला मोबाइल घेऊन पकडलेले, बाहीत चिठ्ठ्या ठेवलेले, त्यांचे आईबाप. सगळे खाली माना घालून. बाबांना वाटलं, हीही सगळी कॉम्प्युटरच्या घोळातली. शेजारच्या एका बापाला त्यांनी धीर दिला, होईल हो सगळं, आमचंही अडकलंय. मी जमिनीकडे बघत बसले होते. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

आत तिघं होते. मधे अध्यक्ष, पिकल्या केसांचे, बोलायला सौम्य. एका बाजूला प्राध्यापक बाई, दुसऱ्या बाजूला सगळं लिहून घेणारा एक जण. अध्यक्षांनी तो छापील कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे तुझं अक्षर का? बाबांनी खिशातून चष्मा काढला. कागदावर वाकले. लाल गोलाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही, आतल्या अक्षराकडे गेलं. आणि माझ्याकडे वळून, हळूच, अगदी कौतुकाने म्हणाले, "घातलंस मा?"

त्या दोन शब्दांनी माझं जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. अध्यक्षांनी कागद आपल्याकडे ओढला. मग त्यांनी बाबांना समजावून सांगितलं, शांतपणे, एकेक वाक्य. हे चिन्ह चालत नाही. हा गैरमार्ग धरला जातो. म्हणून निकाल थांबलाय. बाबा ऐकत होते. हॉस्पिटलात डॉक्टर नातेवाइकाला काही सांगत असले की लिफ्टचं दार धरून बाबा असेच उभे राहायचे. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला. साहेब लोकांशी बोलताना ते शुद्ध मराठी बोलायचा प्रयत्न करायचे.

"साहेब, हात तिचा, पण सवय माझी आहे," ते म्हणाले. "काय शिक्षा असेल ती मला द्या."

अध्यक्ष म्हणाले, बाबा, तसं नसतं. आणि ते माझ्याकडे वळले. त्यांनी मला वाटच करून दिली होती. विचारलं, म्हणजे सवयीने, नकळत झालं, बरोबर? मी हो म्हणणार होते. आई शप्पथ, हो तोंडात आलं होतं. तेवढ्यात प्राध्यापक बाईंनी सहज विचारलं, पण याच्याखाली तर पूर्ण पान लिहिलंयस, मग लक्षात आलं नाही? आलं असेल तर खोडलं का नाहीस?

बाबा माझ्याकडे बघत होते. माझ्या लक्षातच आलं नाही, एवढं म्हणायचं होतं. सहा शब्दसुद्धा नाहीत. पण ते म्हणायचं म्हणजे बाबांच्या समोर म्हणायचं की ते अक्षर माझ्या दृष्टीने काहीच नव्हतं, शाईचा डाग पडावा तसं पडलं. नुकतीच त्या माणसाने माझी शिक्षा मागून घेतली होती. माझ्या तोंडून निघालं, "आलं होतं लक्षात. पण देवाचं नाव कसं खोडायचं?"

लिहून घेणाऱ्याचं पेन चालू झालं. अध्यक्षांनी डोळे मिटले आणि उघडले. प्राध्यापक बाई खाली बघायला लागल्या, बहुतेक प्रश्न विचारल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला असावा. मला एक कोरा कागद दिला गेला, त्यावर हमीपत्र लिहायचं, पुन्हा असं करणार नाही. मी कागद पुढे ओढला. हात वर मधोमध गेला आणि थांबला. बाबाही त्याच जागेकडे बघत होते. मी पेन खाली आणलं, डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली, प्रति, मा. अध्यक्ष. माझ्या आयुष्यात बाबांच्या डोळ्यांदेखत लिहिलेला तो पहिला बोडका कागद. बाबांनी खाली पालक म्हणून सही केली. एवढी हळू सही करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर गिरगावच्या बाई जिन्यात भेटल्या. काय झालं ते त्यांना आधीच कळलं होतं. त्या मला ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, अगं, सांगितलं होतं ना तुला. बाबांनी विचारलं, काय सांगलेलं? मी म्हटलं, काही नाही. पण ते लिफ्टमन होते, लोकांचे चेहरे वाचण्यात त्यांची हयात गेली होती. परतताना भोईवाड्याच्या कोर्टासमोरून बस गेली तेव्हा म्हणाले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी तुला हाताला धरून चढवली.

पत्र यायला पाच आठवडे लागले. प्रवेशाची तारीख केव्हाच उलटून गेली होती आणि माझी जागा यादीतल्या पुढच्या कुणालातरी गेली होती. त्या माणसाचाही काय दोष म्हणा. पत्रात होतं की उमेदवाराने सदर चिन्ह जाणीवपूर्वक ठेवल्याचे मान्य केले आहे. तरी समितीने सहानुभूतीपूर्वक विचार करून संपूर्ण सेमिस्टरऐवजी फक्त त्या एका पेपरचे गुण रद्द केले आहेत. पुढील परीक्षेत पुन्हा बसावे. माझा सगळ्यात आवडता पेपर. ते पत्र मी लपवणार होते, पण ते घरी आलं तेव्हा मी घरात नव्हते. मी आले तेव्हा बाबा ते मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मला एकच शब्द विचारला, जाणीवपूर्वक म्हणजे काय. नववीपर्यंत शिकलेल्या माणसाला त्याचा अर्थ माहीत नसेल असं नाही. तरी मी अर्थ सांगितला, 'माहीत असून'.

मी सहा महिन्यांनी तो पेपर दिला. बाकावर बोटानेसुद्धा काही काढलं नाही. पास झाले. तोपर्यंत परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायला लागले होते, तात्पुरती म्हणून. मॅडमचा फोन यायचा, या वर्षी प्रवेश परीक्षा दे, अगं तुझ्या हातचं काम आहे. मी हो हो म्हणायचे. फॉर्म डाउनलोड करायचे आणि भरायचे नाही. लोकांना वाटतं घरची परिस्थिती आडवी आली. घरच्या परिस्थितीचं काही नव्हतं. माझं मनच उडालं. पुन्हा त्या कोऱ्या पानासमोर बसायची ताकद माझ्यात राहिली नाही. तिकडे मी वर्ग घेणार होते, इकडे मी लोकांच्या रक्तातली साखर टाइप करते. मॅडमचा फोन यायचा थांबला. हे मी स्वतःच केलं, हेही मला माहीत आहे, आणि माहीत असून काही फरक पडत नाही. मॅडम रिटायर झाल्याचं मला कुणाकडून तरी कळलं, मी भेटायलासुद्धा गेले नाही. तोंड कुठल्या जोरावर दाखवायचं?

घरात त्या विषयावर कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. आईने एकदा बाबांवर आवाज चढवला, तुमच्या त्या श्रीपायी, एवढंच बोलली आणि ओट्याकडे वळली. लिफ्टमध्ये माझ्याबद्दल बोलणं बाबांनी बंद केलं असावं. एकदा मी त्यांना डबा द्यायला हॉस्पिटलात गेले होते. एका नर्सने विचारलं, ही तुमची प्रोफेसर ना? बाबांनी नुसतं मजल्याचं बटण दाबलं.

बाबांच्या कागदांकडे माझं लक्ष गेलं ते पत्र आलं त्यानंतरच्या गणपतीला. दरवर्षी गावी जायच्या आधी बाबा सामानाची यादी करायचे. ती त्यांची खास यादी. वर श्री, मग क्षणभर थांबणं, मग गणपतीच्या वर बांधायच्या माटवीचं सामान, कापूर, अगरबत्ती, गावच्या प्रत्येकासाठी काय न्यायचं ते. त्या वर्षी यादी ओट्यावर डब्याखाली ठेवलेली मला दिसली. वरून सरळ माटवीच्या सामानापासून सुरुवात. वर जागा सोडलेली नव्हती. मला वाटलं, घाईत असतील. मग गॅसवाल्याची चिठ्ठी बघितली, ती बोडकी. शेजाऱ्याला दिलेला निरोप बोडका. त्यांनी सोडून दिलं होतं. चाळीस वर्षांची सवय, कुणाला न सांगता. ज्या माणसाच्या सवयीसाठी मी माझा निकाल घालवला, त्याने ती सवयच टाकून दिली होती. मग मी घालवला कशासाठी?

आता बाबा रिटायर झालेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, बारीक लिहिता येत नाही. म्हणून गेल्या वर्षी गणपतीची यादी त्यांनी मला लिहायला सांगितली. ते सांगणार, मी लिहिणार. मी नवा कागद घेतला, आणि ठरवून, अगदी जाणीवपूर्वक, वर मधोमध श्री काढलं. त्यांच्यासारखंच वळणदार. क्षणभर थांबले, आणि मग म्हटलं, सांगा बाबा. त्यांनी सगळं सांगितलं, मी लिहिलं. लिहून झाल्यावर यादी त्यांच्या हातात दिली. मला वाटत होतं, ते बघतील. काहीतरी बोलतील, निदान हसतील. इतकी वर्षं गेली, आता तरी आम्ही दोघं मोकळे होऊ.

त्यांनी चष्मा लावला, कागद खिडकीकडे नेला. बराच वेळ बघितलं. मग कागद वरून दुमडला, घडीवर नख फिरवलं, आणि श्री असलेली पट्टी अलगद फाडून काढली. जराही वाकडी न होऊ देता. देव्हाऱ्यातल्या फोटोमागे ती सरकवून ठेवली आणि नमस्कार केला.

"कोणाच्या नदरेक पडात, काय सांगूक येता," ते मला म्हणाले. "तुझ्या नावाक परत काय नको."

मग त्यांनी पिशवी उचलली, उरलेली यादी खिशात घातली आणि लालबागला बाजाराला गेले.